कडीवरचा हात

सायुत सकाळीच दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ठाण्यापुढे सिनेमा लावायचाय." बुनलू हातातला चहा सांडत उठला.

खाडीबाबाच्या ठाण्यापुढे सिनेमा लावतात तो नवस फेडायला. कुणी बाबाला डुकराचं मुंडकं वाहतं, कुणी नाचणाऱ्या बायका आणतं. पण मागणं मोठं असलं की सिनेमाच. आणि सायुतचं मागणं काय होतं ते साऱ्या किनाऱ्याला ठाऊक होतं. तिचा मुलगा खामरोन माकुळ धरायला समुद्रावर गेला, त्याला सात वर्षं झाली. होडी परत आली नव्हती.

"आला?" बुनलूचा आवाज चिरकला. "अगं, पोरगा आला?"

"आला." सायुतने दोन्ही तळवे समोरासमोर धरले, मध्ये एखादा नारळ मावेल एवढी जागा ठेवून. "एवढासा."

बुनलू खाली बसला. आपण हसत होतो हे त्याच्या लक्षात आलं आणि तोंड कुठे लपवावं ते त्याला कळेना.

एका मोठ्या बोटीच्या जाळ्यात हाडं आली होती. कमरेच्या तारेत ताईत होता, सायुतने स्वतःच्या हाताने ओवलेला. भिक्षूंनी पाठ म्हटले, जाळलं, राख मडक्यात भरली.

"मग नवस कसला फेडतेस, बाई?"

"पोरगा जिवंत दे, असं मी म्हटलंच नव्हतं, काका. म्हटलं, जिता असो, मेलेला असो, एकदा काय ते कळू दे. बाबाने शब्द पाळला. मला नको पाळायला?" ती उंबऱ्यावर टेकली. "तो दाराचा सिनेमा लावा. आणि शेवटी ते वाक्य बोलू नका."

दाराचा सिनेमा बुनलूच्या पेटीत अजून होता. त्याचं सारं आयुष्य गावोगाव पडदा लावून, ध्वनिक्षेपकापुढे बसून मुक्या चित्रांच्या तोंडी शब्द घालण्यात गेलं होतं. नायक, सासू, कुत्रा, पाऊस, सगळं तोच. त्या सिनेमात एका बाईचा मुलगा लढाईवर जातो. शेवटी वादळात दार वाजतं, बाई उठते, कडीवर हात ठेवते आणि चित्र संपतं. पहिल्या खेळाला लोकांनी उसाची चोयटी फेकून मारली होती. "पुढे काय? दार काय तुझा बाप उघडणार?" दुसऱ्या दिवशी घाबरून बुनलूने दाराबाहेरून एक आवाज दिला: "आई, दार उघड. मीच आहे." लोक रडले, शिट्ट्या वाजल्या. पुढे सगळ्या किनाऱ्यावर हेच वाक्य त्याचं नाव झालं. दिग्दर्शकाने मुद्दाम काही न सांगता सोडलं होतं, ते आपण भीतीपोटी बुजवलं, असं त्याला नेहमी वाटायचं. पण आपण कोण मोठे शहाणे, असंही वाटायचं.

"तेव्हा तर तूच सगळ्यांत मोठ्याने रडायचीस," तो म्हणाला.

"तेव्हा मांडीवर पोर होतं. तेव्हा काय, कुणी पण आलेलं चालत होतं." सायुत पदराशी चाळा करत राहिली. "सात वर्षं मी बाबाशी भांडले, काका. पण रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढायचे. माझ्या मनात कधी तो परमुलखातल्या तुरुंगात असायचा, कधी कुणा बाईच्या नादी लागलेला, कधी नुसता अंगाने सुटलेला, ढेरीवाला. मी शिव्या द्यायचे. आता शिव्या कुणाला देऊ? मडक्याला? मला एकदा, एवढ्या वेळापुरतं, दाराबाहेर कोण आहे ते कळायला नकोय."

खेळाच्या दिवशी बुनलू पडदा ताणत होता, तेव्हा सायुतची सून फिकुन त्याच्यापाशी आली.

"काका, म्हातारीने काय सांगितलं ते मला माहीत आहे. ऐकू नका तिचं."

"अगं, तिचा नवस आहे."

"तिचा नवस, आणि मी? सात वर्षं बायको नाही, विधवा नाही, मी म्हणजे सुकत घातलेला बांगडा. आत्ता कुठे मला विधवा व्हायला मिळालंय. सोंगख्ला शहरातल्या कारखान्यात जागा आहे, पिशवी भरून ठेवलीय. पण ती पुन्हा दारापाशी बसायला लागली तर मी कशी जाऊ?" तिने डोळे पुसले नाहीत. "काहीही बोला. शेजारीण आली म्हणा. वारा म्हणा. पण काहीतरी एक म्हणा."

बुनलूला दोघींचंही पटलं. हा त्याचा जन्माचा रोग होता.

दिवस मावळताच यंत्र सुरू झालं. पुढच्या रांगेतल्या लाल खुर्च्या बाबासाठी आणि त्याच्या गणांसाठी रिकाम्या. एकीवर उदबत्ती, एकीवर लाल सरबताचा पेला. त्यांच्या मागे सायुत, शेजारी फिकुन. आणखी मागे म्हातारे कोळी, सुकं माकुळ चघळत.

बुनलूचा घसा पूर्वीसारखा राहिला नव्हता. पडद्यावरचा सावकार खोकला, कुत्रा दमेकऱ्यासारखा भुंकला, मागून कुणी म्हणालं, "काका, कुत्र्याला औषध द्या!" लोक हसले. मग वादळ आलं. दार वाजलं. बाई उठली. तिचा हात कडीवर गेला.

बुनलूने सवयीने छाती भरून श्वास घेतला, वाक्य जिभेवर आलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

वाळूवर लाटांचा आवाज तेवढा होता. सायुत पुढे झुकली होती, जशी कुणाच्या पावलांकडे कान लावून बसावी तशी.

"आई, दार उघड!" मागून एक कोळी प्रेमाने ओरडला. "मीच आहे!"

काका विसरले, बिचारे म्हातारे झाले, असंच त्याला वाटलं असणार. आणखी दोघांनी ते वाक्य उचललं, कुणी टाळी वाजवली. बुनलूने इतक्या वर्षांपूर्वी पेरलेलं आता त्यांच्या तोंडून निघत होतं. सायुतची पाठ एकदम आक्रसली. फिकुनने तिचा दंड धरला.

पडद्यावर हात अजून कडीवरच होता. बुनलूने ध्वनिक्षेपक ओठांशी आणला आणि बाईच्या आवाजात, अगदी हळू, विचारलं:

"कोण?"

मागची टाळी अर्धवट राहिली. याचं उत्तर कुणालाच पाठ नव्हतं. पडदा पांढरा झाला. सायुत त्या पांढऱ्या उजेडाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा इतका भुकेला दिसला की बुनलूने यंत्र बंद केलं.

सकाळी तो सायुतचं ताट परत द्यायला गेला; तिने खेळाच्या आधी त्यातून भात-मासे पाठवले होते. अंगणात फिकुन दोरीवर कपडे टाकत होती. कपडे ओले नव्हते. पिशवीतल्या घड्या त्यांच्यावर तशाच होत्या, रिकामी पिशवी तिच्या पायाशी पडली होती. तिने बुनलूकडे पाहिलं आणि पुन्हा चिमटे लावू लागली.

त्याने दारावर बोटाने टकटक केली.

आत काहीतरी सरकलं. पावलं दारापर्यंत आली, थांबली. कडीवर हात पडल्याचा आवाज झाला.

"कोण?" सायुतने विचारलं.

मी बुनलू, ताट घेऊन आलोय, एवढंच म्हणायचं होतं. त्याने फिकुनकडे पाहिलं. ती चिमटा हातात धरून उभी होती. तिने मान खाली घातली.

"कोण आहे?"

बुनलूने ताट आवाज न करता पायरीवर ठेवलं आणि चपला हातात घेऊन तो वाळूत उतरला. कडी काढल्याचा आवाज त्याला रस्ता लागेपर्यंत आला नाही.