नाव नंतर कळवू

आमच्या टीमनं योहान्सेलला देऊन टाकलं ते जुलैतल्या एका दुपारी, डॉमिनोचा डाव ऐन रंगात असताना. डावात मी चौथी होते. हे मुद्दाम सांगते, कारण मार्तिरेसमामाच्या दुकानासमोरच्या त्या टेबलावर आजवर एकही बाई बसली नव्हती, सोळा वर्षांची भाची तर सोडाच. चावेलोचा भाऊ न्यूयॉर्कला गेला, खुर्ची रिकामी पडली आणि मी कुणाला न विचारता जाऊन बसले. पहिल्याच डावात मामाला हरवलं. तेव्हापासून ती खुर्ची माझी.

आमच्या पाल्मारेहो गावात दुपारी सगळी दुकानं एकच रेडिओ स्टेशन लावतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी बेसबॉलचं एक वाक्य चुकत नाही. रेडिओवाला म्हणाला, "काइमानेसनं डावखुरा पिचर योहान्सेल पायानो गायोसला दिला आहे. बदल्यात पिचर ब्रुबेकर, आणि आणखी एक खेळाडू, ज्याचं नाव नंतर कळवण्यात येईल."

मामाच्या हातात दुहेरी सहा होता, सगळ्यात भारी सोंगटी. तो त्यानं आपटला नाही. नुसता उलटा ठेवला.

काइमानेस म्हणजे मगरी. हिरव्या. म्हणजे आम्ही. गायोस म्हणजे कोंबडे, लाल, आणि त्यांच्याबद्दल मनात जे येतं ते लिहिण्याजोगं नाही.

"नाव नंतर कळवू?" मामा म्हणाला. "मी गिऱ्हाइकाला असं सांगतो का? पैसे ठेव, ही घे साखर, आणि दुसरं काय दिलं ते नंतर कळवू?"

"ब्रुबेकरचं नाव तरी कळलं ना," चावेलो म्हणाला. तो मोटरसायकलवरून सवाऱ्या नेतो आणि जगातली प्रत्येक बातमी त्याला मागे बसलेल्या माणसाकडून कळते. "चाळिशीला टेकलाय. कोपर दोनदा उघडलंय."

"दोनदा म्हणजे डॉक्टरला आता वाट पाठ असेल," प्रोफे बेलार्मिनो म्हणाले. प्रोफे शाळेतून निवृत्त झालेत, पण टेबलावर अजून हजेरी घेतात.

"कोपर कसलं, दुकानाचं शटर आहे ते," मी म्हणाले.

दोघं हसले. मामा हसला नाही. योहान्सेल त्याचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याच्या वेळी मामानंच त्याला हातात धरलं होतं, पहिला ग्लोव्हही मामानंच आणला होता. आणि दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर, छतापासून पायथ्यापर्यंत, हिरव्या शर्टातला योहान्सेल मी रंगवलाय. गेल्या वर्षी, पूर्ण उन्हाळा घालवून. डावा हात पुढे, बोटांत चेंडू, एकेक बोट केळ्याएवढं. एक कान जरा मोठा झालाय, पण तो शिडीचा दोष. माझं नाव, नायरोबी, खाली कोपऱ्यात आहे, अक्षरं जरा जास्तच मोठी.

पुढचे काही आठवडे आम्ही नुसते थुंकत होतो म्हटलं तरी चालेल. मालकावर, मॅनेजरवर, त्या ब्रुबेकरवर. रोज नवी बातमी, रोज नवा वीट. आज काय, तर आमच्या टीमनं अजून एक पिचर घेतला, जो मागच्या वर्षी खांद्यामुळे एकही सामना खेळला नव्हता. उद्या काय, तर शेवटच्या इनिंगचा भरवशाचा पिचर सोडून दिला, कारण म्हणे तरुणांना संधी. तरुण कोण, ब्रुबेकर? चावेलो म्हणाला, "ही टीम नाही, हाडांच्या डॉक्टरांची वेटिंग रूम आहे." प्रोफेंनी जन्मात पहिल्यांदा शिवी दिली आणि नंतर इकडेतिकडे बघितलं.

इथवर ठीक होतं. किळस योग्य पत्त्यावर जात होती.

मग सप्टेंबरच्या शेवटी पेपरात फोटो आला. सराव शिबिरात योहान्सेल, डोक्यावर लाल टोपी. आणि हसतोय.

मामानं पेपर टेबलावर पसरला.

"हसतोय," मामा म्हणाला.

"फोटोत सगळेच हसतात," मी म्हणाले.

"हसणं आणि हसणं यात फरक असतो, पोरी. ओठ मिटून हसता येतं. माणूस नाइलाजानं गेला असेल तर ओठ मिटून हसतो."

चावेलोनं पेपर जवळ ओढला. "वरचे सगळे दात दिसतायत. दाढासुद्धा."

"खालचेही," प्रोफे म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला. "हा आनंद आहे. याला दुसरं नाव नाही."

एका फोटोतल्या दातांवर तीन मोठी माणसं पूर्ण दुपार वाद घालत होती, आणि संध्याकाळपर्यंत निकालही लागला. सौदा मालकानं नव्हताच केला, योहान्सेलनंच जायचं म्हणून पाय धरले होते. पुरावा काय? दाढा. मला या लोकांची, माझ्या स्वतःच्या लोकांची, एवढी शिसारी आली की मी जिंकत असलेला डाव सोडून उठले.

"शनिवारी भिंतीला चुना मारायचा," मामा माझ्या पाठीला म्हणाला. "मग त्यावर ब्रुबेकर काढ. काही झालं तरी आपला आहे तो."

"मी काढणार नाही."

"भिंत माझी आहे."

"चित्र माझं आहे."

"मग चित्र घेऊन जा, भिंत ठेव," मामा म्हणाला, आणि चावेलो या भिकार विनोदावर हसला. त्यालाही मी मनात नोंदवून ठेवलं.

एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, कारण ते सगळे उशिरा उठतात. योहान्सेलची आई एनेर्सिदाबाई, आमच्या भाषेत दोन्या एनेर्सिदा, समोरच राहते. मी शाळेत जाताना ती पाव घ्यायला येते, आणि परत जाताना दर सकाळी भिंतीवरच्या त्या केळ्याएवढ्या बोटांना हात लावून म्हणते, "देव तुला सांभाळो, पोरा." आमच्याकडे मूल घराबाहेर पडताना आशीर्वाद मागतं आणि आई देते. योहान्सेल गावात नसतो, म्हणून ती भिंतीला देते. मी तो कान मोठा काढला तेव्हा तिनं एवढंच म्हटलं होतं, "बरं झालं, आता ऐकेल."

त्या भिंतीवर चुना.

शनिवारी सकाळी बादली आली, ब्रश आला, शिडी आली. मी शिडी धरून उभी राहिले आणि वर चढले नाही. मामानं ब्रश पुढे केला. मी घेतला नाही. टेबलावरचे दोघं आमच्याकडे बघत होते, आणि मी जे चार दिवस मनात घोळवत होते ते सगळं बाहेर आलं.

"तुम्हाला मालकाचा राग आलाय," मी म्हणाले, "पण मालक काचेच्या ऑफिसात बसतो आणि तुम्ही त्याचं काही वाकडं करू शकत नाही. म्हणून जो भिंतीवर सापडतोय त्याला पुसताय. जुलैमध्ये तुमचे डोळे भरले होते, मामा, मी पाहिलं होतं. आता म्हणे दाढा दिसल्या."

"रेडिओवरून कळलं मला," मामा म्हणाला. आवाज अगदी खालचा. "मी त्याला चालायला शिकवलं, नायरो. त्यानं एक फोन केला नाही. बटाटे तोलताना कळलं असतं तरी चाललं असतं, पण या सगळ्यांच्या समोर, रेडिओवरून."

तेवढ्यात दोन्या एनेर्सिदा पावाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडून आली. तिनं बादलीकडे पाहिलं, मग शिडीकडे, मग मामाकडे.

"काय चाललंय, कोंपाद्रे?" योहान्सेलच्या बाप्तिस्म्यापासून ती त्याला, लेकाच्या धर्मपित्याला, अशीच हाक मारते, आणि तो तिला कोमाद्रे म्हणतो.

मामा बादलीकडे बघत राहिला. उत्तर मी दिलं. तिनं ऐकून घेतलं आणि पिशवी टेबलावर, डॉमिनोच्या सोंगट्यांवरच ठेवली.

"त्यालाही रेडिओवरूनच कळलं," ती म्हणाली. "न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. अर्धं डोकं झालं होतं. न्हावी मगरींचा माणूस, बातमी ऐकल्यावर त्याचा हातच चालेना. पोरगं अर्ध्या डोक्यानं घरी आलं आणि न्हाणीघरात जाऊन बसलं. तुम्हाला फोन कर म्हटलं तर म्हणाला, पाद्रिनोला काय तोंड दाखवू."

"फोनवर तोंड कुठे दिसतं," चावेलो पुटपुटला, आणि प्रोफेंनी त्याला टेबलाखालून लाथ मारली.

"आणि हसतोय तो?" मामानं विचारलं.

"बाप्तिस्म्याच्या फोटोत डोक्यावर गार पाणी पडतंय, सगळी पोरं रडतात, हा हसतोय. तुमच्याच हातात आहे. घरी जाऊन बघा."

मामानं ब्रश बादलीत टाकला. चुना त्याच्या पँटवर उडाला. मला वाटलं, संपलं, मी जिंकले. छाती अशी फुगली की विचारू नका.

मग दोन्या एनेर्सिदा माझ्याकडे वळली. "आता चढलीच आहेस शिडीवर, तर शर्ट लाल करून दे."

मी चढले नव्हते, पण ते सांगायचं राहूनच गेलं. लाल. पंधराव्या वाढदिवसाला सगळ्या मैत्रिणी लाल झग्यांवर जीव टाकत होत्या तेव्हा मी हिरवा शिवून घेतला होता, आणि त्यात मी काकडीसारखी दिसत होते, तरी.

"दोन्या, लाल म्हणजे..."

"सरावाच्या सामन्यात त्याचे चेंडू लागोपाठ तीन जणांनी मैदानाबाहेर मारले. का? मी रोज हिरव्या शर्टाला आशीर्वाद देते. तो आशीर्वाद जुन्या पत्त्यावर जातोय."

मामानं आकाशाकडे पाहिलं, मग गल्लीकडे, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "माझ्या दुकानावर कोंबडा," तो म्हणाला. "पाव कोण घेईल माझ्याकडून?"

"मी घेईन," ती म्हणाली.

रंगवला. तो रंग डब्यात असतानाच वाईट दिसतो, भिंतीवर तर सडक्या टोमॅटोसारखा. मामा शिडी धरून उभा होता, पण तोंड रस्त्याकडे. येणाऱ्याजाणाऱ्याला आपण होऊन सांगत होता, "मी नाही, कोमाद्रेची इच्छा." शर्ट झाला तेव्हा तो म्हणाला, "एवढा लाल सोसायचा तर बाजूला हिरवाही हवा. आपला माणूस काढ एक."

"ब्रुबेकर?"

त्यानं तोंड वाकडं केलं. "त्यापेक्षा तो दुसरा काढ."

मी काढला. योहान्सेलच्या शेजारी, तेवढाच उंच, हिरवा शर्ट, हिरवी पँट, हातात ग्लोव्ह. टोपीखाली चेहरा नाही, नुसती भिंत. आता कुणीही नवं माणूस आलं की विचारतं, हा कोण? आणि मामा डावातून मान वर न करता सांगतो, "नाव नंतर कळवू."

ऑक्टोबरमध्ये मोसम सुरू झाला, पहिलाच सामना मगरी विरुद्ध कोंबडे. टेबल रस्त्यापर्यंत ओढलं, रेडिओ मोठा केला. सामन्याआधी मामानं सगळ्यांना बजावलं, "नीट ऐका. कोंबडे हरले पाहिजेत. पण योहान्सेलच्या हातून एकही रन जाता कामा नये. तो बाहेर बसला की मग त्यांचं वाटोळं होऊ दे."

"असं मागता येतं का?" चावेलो म्हणाला.

"मागणं मी करतोय, तू सोंगट्या वाट."

ब्रुबेकरनं पहिल्याच इनिंगला चार रन दिले. रेडिओवाल्याला त्याचं नाव उच्चारायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही. चावेलोनं शटर वर जाण्याचा आवाज काढला, कुणी हसलं नाही. मग योहान्सेल आला. आमचे तिघं समोर उभे राहिले आणि तिघंही बॅट घेऊन परत गेले.

कोंबड्यांच्या माणसानं आमचे तिघं कापले होते आणि मला आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. मला माझीच किळस आली. मी चेहरा आंबट करून सोंगट्यांकडे बघत बसले. प्रोफे चष्मा पुसत होते, जो आधीच पुसलेला होता. समोरच्या घरातून दोन्या एनेर्सिदाच्या टाळ्या ऐकू येत होत्या, एकटीच्या.

"बर्फ आणतो," म्हणून मामा उठला आणि घाईघाईनं आत गेला.

बर्फ टेबलावरच होता.