वरची गोळी

धुळ्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी पेशंटची नावं लिहून घ्यायच्या खिडकीवर होते. रेवा झाली तेव्हा रजा घेतली, मग वाढवली, मग परत वाढवली. मार्चमध्ये कुंदाबाई मॅडमचा फोन आला. मॅडम ओरडत नाहीत. म्हणाल्या, "मोनाली, एक जूनला खिडकीत तू बस, नाहीतर मी दुसरी बसवते."

मी म्हटलं, "हो मॅडम." रेवा तेव्हा माझ्या मांडीवर बसून माझ्या ओढणीचं टोक चावत होती. तिला दाढा येत होत्या.

जळगावहून धुळे म्हणजे बसने जाताना दोन-सव्वादोन तास आणि येतानाही तेवढेच. मी निघेन तेव्हा रेवा झोपलेली असणार, परत येईन तेव्हाही झोपलेली. दवाखान्यात दिवसभर मी लोकांना विचारणार, 'कोणत्या डोळ्याला कमी दिसतं?' आणि माझी मुलगी मला रविवारी दिसणार.

माझा नवरा प्रेमराज ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात फिटर आहे. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस सांगत होता की गोळ्यांची मशीनं दुकानादुकानांत ठेवून द्या, माणूस लागत नाही, झोपेत कमाई होते. झोप आमच्या घरात नव्हती. मशीनं मात्र मिळाली. धुळ्यात एक जण हाच धंदा बंद करत होता, त्याची नऊ होती. का बंद करताय, असं प्रेमराजने विचारलं तर तो म्हणाला, "लोक चांगले नाहीत." आम्ही त्याला चहा पाजला आणि नऊही घेऊन आलो.

मशीन साधं आहे. लोखंडी पायावर काचेचा गोल डबा, त्यात संत्र्याच्या बारीक गोळ्या. खाचेत पाचचं नाणं घालायचं, मूठ फिरवायची, खालून दहा गोळ्या हातात पडतात. दुकानदाराला जागेबद्दल हिस्सा द्यायचा.

नाणी मोजायला बसलं की रेवा त्यातलं एखादं तोंडात घालायची, म्हणून आम्ही वजनावर आलो. शेजारच्या किराणा दुकानातला काटा आणला. पाचच्या नाण्यांत माझा पगार सोळा किलो भरतो. मग ठरलं. गोळ्यांचा खर्च आणि दुकानदारांचे हिस्से काढून मे महिन्यात सोळा किलो उरले, तर मी धुळ्याला जायचं नाही. नाही उरले तर एक जूनला पहिली बस.

मार्चमध्ये चार किलो उरले.

पिंप्राळ्यात जब्बारभाईंचं लेडीज टेलरचं दुकान आहे. पहिली तक्रार तिथून आली.

"ताई, माझ्या दुकानात शिलाईची चार मशीनं. चारही दिवसभर खडखड करतात, पण कोणाशी भांडत नाहीत. तुमचं एक आलं आणि रोज तंटा."

"काय झालं, भाऊ?"

"तुम्ही येऊन बघा. मी सांगितलं तर तुम्हाला वाटेल, जब्बारला जागा परत पाहिजे."

रेवाला घेऊन गेले. चोपड्याकडची एक बाई ब्लाउज टाकायला आली होती. तिने नाणं घातलं, मूठ फिरवली. दहा गोळ्या पडल्या. तिने हात काढला नाही. तसाच मशीनच्या तोंडाखाली धरून उभी राहिली. मशीनकडे पाहिलं. मग जब्बारभाईंकडे पाहिलं.

"वर?"

"वर नाही मावशी. मशीन आहे ते."

"भाजीवाली बी चार मिरच्या वर देस."

"तिला हात आहेत."

"मंग हाई काबर ठेवेल शे?"

मग हे ठेवलंय कशाला, ते मी सांगावं म्हणून जब्बारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रेवाकडे पाहिलं. आमच्याकडे माप झालं की वर काहीतरी पडतंच. दूधवाला मापानंतर धार सोडतो, कापडवाला मीटरच्या पुढे दोन बोटं जाऊन कात्री लावतो. मशीन दहा देतं आणि गप्प होतं. पिंप्राळ्यात त्याचं नाव 'चिकट मशीन' पडलं होतं आणि लोक एकदाच नाणं घालत होते.

प्रेमराजने रविवारी मशीनच्या आतली चकती काढली आणि तिचं भोक कानशीने घासलं. आता दहाऐवजी अकरा पडायला लागल्या. तो खूष होता. आम्ही दोघं जब्बारभाईंच्या दुकानात जाऊन उभे राहिलो. एक आजी आल्या. त्यांनी अकरा गोळ्या घेतल्या, एकेक मोजल्या आणि हात पुन्हा खाली धरला.

प्रेमराज म्हणाला, "आजी, अकरा आहेत. अकरावी वरचीच."

"त्या त मापन्या शेतस," अकराही मापात धरून आजी म्हणाल्या. "वर दे ना."

परत येताना घराच्या फाटकाशी प्रेमराज म्हणाला, "म्हणजे आता एक गोळी जादा पण जाते आणि नाव पण तेच." मी म्हटलं, "हो." त्याने घासलेली चकती काढून दहाची बसवली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाई माझ्याबरोबर आल्या. त्यांना ब्लाउज शिवून घ्यायचं होतं, धंद्याशी संबंध नव्हता. त्या रेवाला घेऊन जब्बारभाईंच्या बाकावर बसल्या, मी पुडा फोडून मशीन भरत होते. मध्येच एका मुलीने नाणं घातलं आणि रीतीप्रमाणे हात तसाच ठेवला. सासूबाईंनी माझ्या पुड्यातली एक गोळी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"घे माय."

मुलगी हसली. तिने दुसरं नाणं काढलं. सासूबाईंनी आणखी एक ठेवली. मग त्या मुलीने आईला बोलावलं. दुपारपर्यंत मशीन अर्धं रिकामं झालं, सासूबाईंचं ब्लाउजचं माप घ्यायचं राहून गेलं आणि रेवा कापडाच्या चिंध्यांत झोपून गेली. तिच्या गालाला हिरवा दोरा चिकटला होता. मी तो काढला नाही, जागी झाली असती.

जब्बारभाई म्हणाले, "ताई, अम्मांना इथेच ठेवून जा."

आमच्याकडे मशीनं नऊ होती. सासू एक.

तेव्हा आम्ही प्रत्येक दुकानात मशीनशेजारी एक छोटी बरणी ठेवली. नाणं मशीनमध्ये, माप मशीनचं, वरची एक गोळी दुकानदाराने बरणीतून हाताने द्यायची. व्हिडिओतल्या माणसाने हे सांगितलं नव्हतं. जब्बारभाईंनी विचारलं, "मग मशीनचं काम काय?" मी म्हटलं, "मोजायचं." त्यांना ते पटलं. ते कात्री ठेवून, हात पुसून वर द्यायला लागले, आणि गिऱ्हाईक तेवढ्यात साडीच्या फॉलबिडिंगची चौकशी करायला लागलं, तर त्यांची हरकत नव्हती.

एप्रिलचे नऊ किलो झाले.

अडचण पाचोऱ्याला आली. तिथे स्टेशनजवळ कौतिकनानांचं भजी-चहाचं दुकान आहे. मी गेले तेव्हा मशीन काठोकाठ भरलेलं आणि बरणी रिकामी.

"नाना, बरणी कशी संपली?"

"दिली ना वर. तूच म्हणालीस, वर द्यायची."

"पण नाणं कोणीच घातलेलं नाही."

"घालतील," नाना म्हणाले. "मी आधी वर दिली. आता माप घ्यायला त्यांना यावंच लागेल."

मी बरणी पुन्हा भरली. दुसरं काय करणार? नानांचा स्वभाव बदलायला गेले असते तर मे संपला असता. पुढच्या खेपेला त्यांचं मशीन निम्मं उतरलं होतं. कोण लोक, कुठून आले, मी विचारलं नाही.

मे महिन्यात जळगावात गोळ्यासुद्धा घामाघूम होतात. चिकटून त्यांचा लाडू झाला की मूठ फिरत नाही. मी रेवाला कडेवर घेऊन दुकानं फिरायचे आणि काचेवर थापट्या मारायचे. रेवाला वाटलं, काम ते हेच. ती घरी कपाटालाही थापट्या मारायला लागली.

एकतीस मे, रविवार. दुपारी आम्ही फरशीवर चादर अंथरली आणि पिशव्या काट्यावर ठेवल्या. खर्चाची आणि हिश्शाची नाणी बाजूला काढली. उरलेलं साडेतेरा किलो भरलं.

प्रेमराज म्हणाला, "परत ठेव." परत ठेवलं. साडेतेरा.

मी उठले आणि दवाखान्याची निळी साडी इस्त्रीला घेतली. डब्याचं झाकण शोधलं. सासूबाई रेवाच्या डोक्याला तेल लावत होत्या.

"सकाय कितीले निंघनं शे तुले?"

"सहाला."

"आनि येशी?"

"साडेआठ होतील, आई."

"मंग पोरले कोन सांभाळी?"

"तुम्हीच ना."

सासूबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "मना पगार किती किलो शे?"

प्रेमराज हसला. त्या हसल्या नाहीत.

"हसू नको. बठ्ठं मोजी ऱ्हायना ना, मना बी मोज."

प्रेमराज म्हणाला, "बरं, तुझाही मोजतो. दोन किलो."

"दोन किलो? वांगा शेतस का?"

"तीन."

"चालई."

इस्त्री साडीवर तशीच राहिली. सोळातून काही वजा करायचं असतं हे आम्हाला तीन महिने सुचलंच नव्हतं. पगार म्हणजे पगार. सासूबाईंचे तीन गेले, तेरा राहिले. मी म्हटलं, "आणि बस?" बायकांना तिकीट अर्धं असलं तरी रोज दोनदा. प्रेमराजने बोटांवर हिशेब केला. महिन्याला चार किलो बसला. माझी नोकरी नऊ किलोवर आली.

प्रेमराजने काट्यावरच्या साडेतेरा किलोकडे नव्याने पाहिलं. मग उठून इस्त्रीचं बटण बंद केलं. साडीला तोवर एक पिवळट डाग पडला होता.

मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी उद्या येत नाही."

"दुसरीकडे लागलीस का?"

"नाही. माझी गोळ्यांची मशीनं आहेत. नऊ."

"औषधाच्या?"

"संत्र्याच्या, मॅडम."

"पुरतं का त्यात?" मॅडमनी विचारलं.

"पुरतं," मी म्हटलं. मला स्वतःलाच ते नवीन होतं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग दुसरी बसवते."

सोमवारी सवयीने नाही, भीतीने मला पाचला जाग आली. सहा वाजले, सव्वासहा वाजले. गाडी गेली असणार. मी रेवाजवळ आडवी होऊन तिच्याकडे बघत राहिले. तिच्या भुवया झोपेतही वर चढलेल्या असतात, कोणीतरी तिला काहीतरी अशक्य सांगितल्यासारख्या. इतके दिवस घरी असून हे मला आजवर दिसलं नव्हतं.

आठला तिने डोळे उघडले. मला नीट, पूर्ण पाहून घेतलं. मग मान वळवून हाक मारली, "आजी."