शंभराच्या आतलं इंजिन

मी इंजिन बोलतोय. एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या दुधी रंगाच्या फियाटचं, चार सिलिंडरांचं, पेट्रोलवर चालणारं. महिन्याभरापूर्वी मला साखळीनं वर ओढून गाडीबाहेर काढलं आणि एका झिजलेल्या टायरवर ठेवलं. तिथं पडल्या पडल्या माझ्या जागी कोण येणार याची चर्चा मला ऐकावी लागली. बरं, कान बंद करायची सोय इंजिनाला नसते.

गॅरेज बंदेनवाजचं, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कडेला. समोर टॉवेलचे माग दिवसभर खडखडत असतात, त्यामुळे तिथं सगळे ओरडूनच बोलतात. त्याचा धाकटा भाऊ शाकीर तर मुळातच मोठ्या आवाजाचा.

"मॅडम, कॉन्टेसा गाडीचं अठराशे सीसीचं टाकू की! पाच गिअर हायत. एकशेचाळीस असंच जातंय."

"आणि थांबणार कशावर? तुज्या डोक्यावर?" बंदेनवाज म्हणाला. "ब्रेक हेच ऱ्हाणार. पुढचं वजन वाढतंय, स्प्रिंगा बसत्यात."

मग शाकीरनं एक डिझेल इंजिन सुचवलं. बंदेनवाजनं मान हलवली. डिझेल ओढायला चांगलं, पळायला नाही. मारुतीचं आठशेचं हलकं, पण त्यात माझ्याइतकाही जोर नाही. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मॅडम म्हणजे राजेश्वरी बाई. वय बासष्ट. वळसंगच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. सोलापूर ते वळसंग आणि परत, रोज त्यांना मीच नेलं. यंदाच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं कमी होत चाललंय. दिवाळीपर्यंत चालवा, मग किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या, असं बजावलं. बाई तिथून थेट गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या, "बंदेनवाज, मला एकदा शंभरनं गाडी चालवायची आहे. याच गाडीत. दिवाळीच्या आत."

बंदेनवाज हसला नाही. म्हणाला, "ह्या इंजिनात साठच्या वर दम न्हाय, मॅडम. बदलावं लागंल."

पंधरा वर्षं माझं तेल बदलणारा माणूस! माझ्या अंगाची आग झाली. पण साठच्या वर मी कधी गेलो नव्हतो हेही खरंच होतं. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. हवा-पेट्रोल आत सोडणारी माझी झडप अर्धीसुद्धा कधी उघडायची नाही. मला वाटायचं, माणसांची चालवायची रीतच तशी असेल.

गाडी घेतली ती बाईंच्या वडिलांनी, शिवलिंगप्पांनी. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. गाडी हळू चालवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण अप्पांसारखं कुणी नाही. सायकलवाले आम्हाला मागे टाकून वळून बघायचे. सत्त्याऐंशी साली बाईंना लायसन मिळालं तेव्हा अप्पांनी किल्ली दिली आणि सांगितलं, "साठच्या पुढं ह्या गाडीत दमच न्हाय बघ. उगी दाबू नको, इंजिन बसंल." अप्पा जाऊन बावीस वर्षं झाली. बाईंनी मात्र ते वाक्य पाठ केलं. बंदेनवाजलाही चावी देताना त्या तेच बजावायच्या, "जोरात दाबू नका हं."

शेवटी अठराशेचं ठरलं. आरटीओची परवानगी दिवाळीआधी मिळेल की नाही, यावर दोघा भावांची रोज वादावादी चाललेली. नव्या इंजिनाची एक्सलेटरची तार मोजायला बंदेनवाज गाडीत वाकला. हातानं पेडल दाबलं. ते थोडं खाली गेलं आणि अडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा अडलं.

त्यानं वरचं काथ्याचं पायपुसणं काढलं, खालची सोल्यूशननं चिकटवलेली रबरी मॅट खरवडून ओढली. पेडलखाली पत्र्याला एक बोल्ट वेल्ड केलेला होता. पेडलचा आवाज होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर रबराचा तुकडाही लावलेला.

"कंपनीचा न्हाय हा," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम लावलाय, मॅडम. पेडल पुरतं जातच नव्हतं."

बाई स्टुलावर बसल्या.

"अप्पांनी," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण? लायसन मिळाल्यावर आठ दिवस गाडी दुरुस्तीला म्हणून नेली होती." मग त्यांचा आवाज चढला. "अडतीस वर्षं मी डावीकडे सरकून ट्रकांना वाट दिली. शाळेला उशीर झाला की वाटायचं, गाडीच अशी, काय करणार. काळजीपोटी केलं असेल हो, पण मला सांगायला काय झालं होतं? मी काय लहान होते?"

बंदेनवाजनं छिन्नी घेतली आणि बोल्ट तोडला. त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आळ टळला, शिवाय बाई म्हणाल्या, "आधी हेच इंजिन नीट करून बसवा. पुरता पाय देऊन बघू." शाकीरचं तोंड उतरलं.

आनंद दोन दिवस टिकला. वाल्व घासले, रिंगा नव्या घातल्या, मला जागेवर बसवलं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात कुरकुरायचो, हे मला पळूच देत नाहीत म्हणून. आता अडवणारं कुणी नव्हतं. आणि माझ्यात दमच नसला तर? तेव्हापासून मला चैन नाही.

आज रविवार, दिवाळीआधीचा शेवटचा. वळसंगजवळ नवा रस्ता झालाय, अजून वाहतुकीला खुला नाही. चार किलोमीटर सरळ. तिथला सुपरवायझर सिद्धराम बाईंचा जुना विद्यार्थी. "आठला रोलर येतोय बगा, बाई. तवर रस्ता तुमचाच हाय की!"

पहिल्या फेरीला बाईंचा पाय पत्र्याला टेकला. मी ओरडलोच. माझ्यात असा आवाज आहे हे मलाही माहीत नव्हतं. काटा एक्क्याण्णववर थांबला. दुसऱ्या फेरीला शहाण्णव. बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. शंभराला चारच उरले होते, चार!

पण पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा लालवर गेला. बंदेनवाजनं बॉनेट उघडलं आणि हात झटकला. "बास, मॅडम. आणखी दाबलं तर हेड जाईल बघा. इंजिन हातचं जाईल."

आता पावणेआठ झालेत. मी तडतडतोय, तेलाचा वास सुटलाय. बाई बॉनेटपाशी उभ्या आहेत. मला हात लावायला गेल्या आणि चटका बसून मागे घेतला. "राहू दे," त्या म्हणतायत. "दमलंय बिचारं. शहाण्णव काही कमी नाही."

बाई, हे तुम्ही कुणाच्या आवाजात बोलताय? माझ्यात किती दम आहे ते मला विचारल्याशिवाय ठरवू नका. मला जपून तुम्ही काय करणार? दिवाळीनंतर तुमचा पाय माझ्यावर पडणार नाही, आणि शाकीर मला कुठल्या कोपऱ्यात टाकेल ते मला ठाऊक आहे. हेड गेलं तर जाऊ दे. सिद्धरामचा रोलर यायला पंधरा मिनिटं आहेत.

बंदेनवाजला बॉनेट लावायला सांगा. बसा, बाई. आणि या वेळी पाय उचलू नका.