मनकर्णाबाईंचा उजवा हात

मित्रांनो, मी शिरपूरच्या जानरावांच्या घरातलं जुनं जातं. गावात चक्की आली तेव्हापासून मी परसात पडून आहे आणि माझ्यावर कोंबड्यांचं डालगं असतं. पण दगड म्हणून मला हसू नका. माणसाचा हात मला वैद्यापेक्षा जास्त कळतो.

एका माघात जानरावांच्या कारभारणीच्या, मनकर्णाबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू पाय सावरला, हात मात्र लुळाच राहिला. घरच्यांनी मायेपोटी एक चूक केली. बाईंना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. घाससुद्धा दुसऱ्यानं भरवायचा. हात आणखीच वाळत चालला. बाईंना घोर एकच होता. वैशाखात लेक रुख्मिणीचं लग्न होतं, आणि लग्नाची पहिली हळद नवरीच्या आईनं जात्यावर दळायची ही घरची रीत.

धाकटी जाऊ धुरपताबाई मोठी फटकळ. एका सकाळी ती म्हणाली, "बाई, पडून राह्यल्यानं हात येते काय? चाला, बसा जात्यावर."

"मूठच वळत नाई व माही."

"मी वळतो नं."

तिनं ती निर्जीव बोटं माझ्या खुंट्याभोवती वळवली, वरून आपला हात दाबला आणि बाईंचा डावा हात मांडीवर ठेवायला लावला. समोरासमोर बसून दोघी दळू लागल्या. दळू लागल्या कसल्या, ओढ सगळी धुरपताबाईची! रोज मूठभर ज्वारी, तीही भरडच निघे. बाई कंटाळत, जाऊ ऐकत नसे. चैत्रात मला खुंट्यात दुसरी, बारीकशी ओढ जाणवली. मला इतका आनंद झाला, पण सांगणार कुणाला?

हळदीच्या दिवशी सवाष्णींनी मला आंब्याची पानं नि सुपारी बांधली. दोघी जावा बसल्या. चार-पाच फेरे झाले आणि धुरपताबाईनं गुपचूप हात काढून घेतला. बाईंचं लक्ष लेकीकडे होतं. मी फिरतच राहिलं.

मग त्यांनी खाली पाहिलं. "धुरपता, तुहा हात?"

"तो तं कवाचाच काढला, बाई."

मनकर्णाबाई रडू लागल्या, पण हात थांबवला नाही. सगळी हळद त्यांनीच दळली.

मित्रांनो, मला घरात घ्या असं मी म्हणत नाही. पण कुणाचा हात लुळा पडला, तर त्याचं काम काढून घेऊ नका. समोर बसा, थोडी ओढ द्या. आणि वेळ आली की काही न बोलता आपला हात काढून घ्या.