मागच्या सीटखालचं काम

मिस्त्रींच्या दारातली गाडी बंद पडून पाच दिवस झाले, तेव्हा वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खिडकीतून म्हणाले, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण लगेच त्यांनी खिडकी ओढून घेतली.

मिस्त्रींची बायको खाली बॅटरीची काळी वायर सोडवत होती. तिने ऐकलं, पण मान वर केली नाही. साठीला टेकलेली बाई, उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. शाळेचे गणवेश, पडदे, गाद्यांच्या खोळी. आज तिने नवऱ्याचा कामावरचा निळा डगला चढवला होता आणि बाह्या दोनदा दुमडल्या होत्या. मिस्त्री दारात खुर्चीवर बसले होते. उजवा हात तिनेच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला होता, तो तसाच होता.

चौतीस वर्षं मिस्त्रींनी लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, तिच्या माहेरची माणसंसुद्धा. मागच्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता ते बेसिनपाशी कोसळले. मेंदूत गुठळी अडकली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द मागे राहिला, "हो". जेवलात का? हो. दुखतंय का? हो. लेकीचा फोन आहे, बोलता का? हो. सुरुवातीला तिला वाटायचं, ह्यांना सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाही. पुढे पुढे काय वाटू लागलं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्यांना वाचा-उपचाराच्या केंद्रात नेत असे. जायला दीड तास, यायला दीड तास. मागच्या मंगळवारी परतताना घराच्या कोपऱ्यावरच गाडीने मान टाकली. तीन पोरांनी ढकलत दारापर्यंत आणून सोडली.

बिघाड काय आहे हे तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मिस्त्री रोज जेवताना दिवसभराचं काम घासाघासाला सांगत. कुठली गाडी आली, काय रोग निघाला, कुणी कसा घोळ घालून ठेवला होता. ती ऐकता ऐकता वाढायची. म्हणजे विद्या सगळी कानाची, हाताची काहीच नाही. पण कानाला एवढं पक्कं ठाऊक होतं की चावी फिरवली की मागच्या सीटखालून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा दोन सेकंद बारीक हुंकार यायला हवा. तो येत नव्हता. तिने फ्यूज पाहिला, ठीक होता. हॉर्नची रिले काढून पंपाच्या रिलेच्या जागी लावली, फरक नाही. मग टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने दोन धपके दिले, तशी गाडी मिनिटभर चालली आणि पुन्हा मेली. अशा वेळी मिस्त्री काय म्हणत हेही तिला पाठ होतं. "धपका खाऊन चालला तो पंप म्हातारा झाला. आता मारून उपयोग नाही, बदला."

गॅरेजला फोन केला असता तर मिस्त्रींचा जुना भागीदार तासाभरात आला असता. तो एकदा भेटायला आला होता. मिस्त्रींच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाला होता, "ओळखलंत का? सांगा बघू मी कोण." मिस्त्री म्हणाले, "हो." भागीदार हसला आणि तिच्याकडे बघून त्याने मान हलवली. त्या मान हलवण्यानंतर तिने त्याला घरात घ्यायचं नाही असं ठरवून टाकलं.

पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मिस्त्रींना चुकीचं काम डोळ्यांनी बघवत नसे. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले आणि यजमान बॉनेट उघडून काहीतरी खुडबुड करताना दिसला, तर चहा तसाच ठेवून उठत. "सोडा, सोडा, पाना उलटा धरलाय." केंद्रातली बाई त्यांना चित्रं दाखवायची, सफरचंद, छत्री, मांजर. मिस्त्रींनी आयुष्यात मांजराकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आपल्या गाडीत, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या बायकोने पाना उलटा धरला, तर आतून काहीतरी उसळून येईल. आलंच पाहिजे. पाच दिवस ती हेच मनात घोळवत होती.

तिने घरातला गॅस बंद केला, गाडीची चारही दारं उघडली आणि मिस्त्रींची खुर्ची सरकवत मागच्या दाराशी आणली, आतलं सगळं त्यांना दिसेल अशी.

मागची सीट उचलणं सोपं निघालं. पुढून वर खेचली की सुटते. खाली गालिचा, त्याखाली चार स्क्रूंचं पत्र्याचं झाकण. त्यावर एवढी धूळ की शिलाईच्या ब्रशने झाडावी लागली. ती पंपात गेली तर नवाही मरणार, हे जेवणातलं ज्ञान. झाकण निघाल्यावर वायरीचं सॉकेट दिसलं आणि दोन नळ्या.

"आधी वायर काढू की नळी?" तिने विचारलं.

"हो."

"मी नळीच काढते."

"हो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्या हाताकडे बघत होते, की हातापलीकडे, ते कळत नव्हतं. तिने आधी वायर काढली. नळीभोवती फडकं गुंडाळून क्लिपा दाबल्या, थोडं पेट्रोल फडक्यात उतरलं. पंप जागच्या जागी धरून ठेवणारं मोठं प्लास्टिकचं कडं मात्र हाताने हलेना. लाकडी ठोकळा लावून हातोडीने ठोकत तिने ते इंच इंच उलटं फिरवलं. लोखंडी छिन्नी लावून ठोकलं असतं तर ठिणगी उडाली असती. वरची खिडकी पुन्हा उघडली.

"ताई, जाणत्या माणसाला बोलवा," पोस्टमास्तर म्हणाले. "पेट्रोलशी खेळ नको."

"जाणता माणूस इथंच बसलाय, काका."

पोस्टमास्तर खिडकीतच उभे राहिले. उंटावरून शेळ्या हाकायलाही थोडा हुरूप लागतो, तो त्यांच्यापाशी उरला नसावा.

कडं निघालं. पंप वर उचलला तशी वासाची लाट बाहेर आली. हा वास तिने चौतीस वर्षं उशीवर घेतला होता. मिस्त्रींच्या नाकपुड्या हलल्या. तिने हातातलं काम थांबवलं. पंप अर्धा टाकीत, अर्धा बाहेर, पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता दांडा कडेला अडकलेला, आणि ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मिस्त्री शिंकले. नाकाखाली ओलं झालं ते तिने कोपराच्या बाहीने पुसलं, कारण हात भरले होते.

मग तिने दांडा तिरका करून पंप सोडवला, तसराळ्यात ठेवला आणि दुकानातून आणून ठेवलेला नवा जुन्याशेजारी धरून जुळवून पाहिला. आता खरी वेळ आली होती.

टाकीच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते. पेट्रोलमध्ये राहून ती फुगते, पुन्हा नीट बसत नाही. ती तशीच दडपून बसवली तर वाफ गळते आणि गाडी चालतं सरण होते. मिस्त्रींचा जीव जर कशावर जळत असेल तर तो जुनी रिंग परत बसवणाऱ्यांवर. ह्याच कारणावरून त्यांनी एकदा हाताखालच्या कारागिराचा डबा रस्त्यावर ठेवला होता आणि म्हटलं होतं, "जा, दुसरीकडे माणसं मार."

तिने फुगलेली जुनी रिंग दोन बोटांत धरली. नव्या पंपाबरोबर आलेली नव्या रिंगची पिशवी तशीच बंद, त्यांच्या मांडीवर ठेवली. मग जुनी रिंग त्यांच्या डोळ्यांसमोर नेली.

"अहो, ही चांगली आहे अजून. हीच बसवते."

मिस्त्रींनी रिंगकडे पाहिलं. ह्या वेळी त्यांनी पाहिलं हे नक्की, नजर तिच्यावर ठरली. डावा हात खुर्चीच्या दांडीवरून किंचित उचलला गेला. तिने रिंग आणखी जवळ नेली.

"बसवू ना?"

हात खाली आला. "हो," ते म्हणाले.

"जुनी आहे ही. गळेल."

"हो."

"गाडी पेटेल. आपण दोघंही जळू त्यात. चालेल?"

"हो," मिस्त्री म्हणाले. तिचा आवाज चढलेला पाहून असेल, पण ते थोडे हसले, पाहुण्याला बरं वाटावं म्हणून हसतात तसे.

ती बराच वेळ गाडीच्या उंबऱ्यावर बसून होती. टाकीचं तोंड उघडं होतं आणि ते उघडं ठेवून चालणार नव्हतं, म्हणून उठली. पिशवी फाडून नवी रिंग काढली, बसवली, सुईत दोरा ओवताना लावावं तसं लक्ष लावून कडेने बोट फिरवून पाहिली. नवा पंप टाकीत सोडला, कडं आवळलं, नळ्या खट् आवाज येईपर्यंत दाबल्या. कुठेही चूक झाली नाही. हात त्यांचेच असावेत असं काम झालं, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. बॅटरी जोडली, चावी तीन वेळा नुसती पुढे करून मागे घेतली, हुंकार आला, चौथ्या वेळी इंजिन लागलं. तिने खाली वाकून गळतंय का पाहिलं. कोरडं होतं.

वरून पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा मनापासून खूश झाला होता. तिने त्यांना हात जोडले, इंजिन बंद केलं आणि मिस्त्रींचा शर्ट बदलायला त्यांना आत नेलं.

मंगळवारी गाडी केंद्रापर्यंत एकदाही न अडखळता गेली. केंद्रातल्या बाईने नेहमीची चित्रं दाखवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिला बाजूला घेतलं. बाई चांगली होती, शब्द शोधत होती.

"वर्ष होत आलं. आता आठवड्यातून दोनदा यायची गरज नाही. सहा महिन्यांनी एकदा आणा."

"सहा महिन्यांत सुधारेल का?"

"तुम्ही दमता हो येऊन जाऊन," बाई म्हणाली.

घरी आल्यावर लेकीचा फोन आला. गाडी सुरू झाली हे ऐकून ती म्हणाली, "आई, तू खरंच कमाल आहेस. बाबांना सांगितलंस का?"

"समोरच होते ते," ती म्हणाली, आणि केंद्राचं काही बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी तिने मिस्त्रींना आंघोळ घातली, केस विंचरले, पायात मोजे चढवले, बुटाच्या नाड्या बांधल्या. दुसरी नाडी बांधता बांधता तिला आठवलं की आज कुठेच जायचं नाही. ती तशीच त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून राहिली. मिस्त्री दाराकडे बघत होते. थोड्या वेळाने तिने गाठ सोडली आणि एकेक बूट काढून पलंगाखाली सरकवला.