विरोधातले अडीचशे शब्द

व्हर्ना लिंडक्विस्ट यांचं पत्र मला दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण ते पत्र टेबलाच्या वरच्या खणात होतं आणि तो खण मी रोज उघडतो.

पत्र छोटंच होतं. "मिस्टर थोर्सन, मतदारांच्या पुस्तिकेत पुलाच्या विरोधातलं तुमचं निवेदन वाचलं. मी नदीच्या पलीकडे राहते, त्यामुळे होकार द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. पण तीस वर्षं तुम्ही मला पुस्तकं काढून दिलीत, त्यातलं एकही वाया गेलं नाही. म्हणून सरळ विचारते. आपण नकार द्यावा असं तुम्हाला खरंच वाटतं का? दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल."

मी टॅमरॅक गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. दोन ओळी लिहिणं मला जड नव्हतं. जड होतं ते वेगळंच.

आमचा नवव्या रस्त्याचा पूल नव्वद वर्षांचा आहे. त्या वर्षी तपासनीस येऊन गेले आणि पुलाच्या तोंडाशी पाटी लागली: पंधरा टनांपेक्षा जड वाहनास बंदी. आगीचा बंब अठरा टनांचा. म्हणजे पलीकडच्या चारशे घरांपैकी एखाद्याला आग लागली, तर बंबाने महामार्गावरून वळसा घालून यायचं. एकोणीस मिनिटं. पूल दुरुस्त करायला गावाने कर्जरोखे काढायचे आणि वीस वर्षं घरपट्टीतून फेडायचे असं ठरलं. पण घरपट्टी वाढवून कर्ज काढायचं तर ते मतदारांना विचारूनच, आणि शंभरातल्या साठांनी हो म्हटलं पाहिजे.

मतपत्रिकेच्या आधी घरोघरी एक पुस्तिका जाते. तिच्यात एक पान बाजूचं, एक विरोधातलं. बाजूचं पान लिहायला रांग लागली होती. विरोधातलं लिहायला कुणी तयार होईना. टायरचं दुकान चालवणारा रूडी पॅस्टरनॅक पुलाच्या नावाने दिवसभर बोटं मोडायचा, पण कागद पुढे केला की म्हणायचा, "लिहिणं हे माझं काम नाही. मी बोलणारा माणूस."

मग नगर कार्यालयातली डार्लीन कुसिक माझ्याकडे आली. कामाचं बोलायला ती दारातच उभी राहते, आत येत नाही.

"ऑर्विल, ते पान कोरं गेलं तर लोक म्हणतील आम्ही काहीतरी दडपलं."

"पण मी विरोधात नाही, डार्लीन."

"पूर्ण बाजूनेही नाही ना? गेल्या सभेत व्याजाचं कोणी विचारलं? पलीकडच्या राज्यातून कोणी आलं होतं का विचारायला?"

"विचारलं खरं. पण विचारणं म्हणजे..."

"झालं तर मग. अडीचशे शब्द. शुक्रवारपर्यंत."

मला प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू दिसते. हा गुण आहे असं लहानपणी शिक्षक म्हणायचे. मला तो नेहमी दोषच वाटत आलाय. जेवणाची यादी बघतानाही माझा निर्णय होत नाही. पण विरोधातलं पान लिहायला मी अगदी योग्य माणूस निघालो. व्याजासकट पूल केवढ्याला पडेल, इतकी वर्षं डागडुजीसाठी पैसे बाजूला का काढले नाहीत, राज्याकडून पुढच्या वर्षी मदत मिळायची शक्यता असताना घाई कशाला, असे तीन मुद्दे मी मांडले. शेवटी लिहिलं, "एक वर्ष थांबू या." मोजून अडीचशे शब्द. आयुष्यात मी लिहिलेलं ते सर्वांत चांगलं लिखाण होतं, आणि ते गावातल्या प्रत्येक घरी गेलं.

आमच्याकडे मतपत्रिका घरी येते आणि मतदानाच्या दिवसाआधीही भरून देता येते. स्वतः मात्र मी होकाराचा गोल काळा केला आणि मतपत्रिका पेटीत टाकली. शंका सगळ्या खऱ्या होत्या, पण बंब अडला होता, हे त्याहून खरं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी व्हर्नाबाईंचं पत्र आलं. मतदानाला अजून आठवडा होता. खरं काय ते लिहिलं तर माझ्या पानाची किंमत शून्य होणार होती. आणि कबूल करतो, आपलं वाक्य वाचून कुणाचं तरी मत हललं याचा मला आनंद झाला होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायला दिलं. पहिल्यांदाच कुणी माझं वाचलं होतं. उद्या उत्तर देऊ म्हणता म्हणता आठवडा गेला.

पुलाला एक हजार दोनशे चौऱ्याऐंशी मतं हवी होती. अकरा कमी पडली.

गेल्या हिवाळ्यानंतर तपासनीस पुन्हा आले आणि पाटीवरचा आकडा पंधरावरून आठवर आला. आता शाळेची बसही नदीच्या अलीकडच्या काठावरच थांबते. राज्याकडे केलेला अर्ज वसंतात परत आला, नामंजूर. म्हणून या नोव्हेंबरात प्रश्न पुन्हा मतदारांपुढे आहे, थोड्या मोठ्या रकमेसह, कारण लोखंड महागलं. आणि डार्लीन पुन्हा माझ्या दारात आली.

"गेल्या खेपेचंच थोडं फिरवून द्या. लोकांना फार आवडलं होतं."

मी विचार करून सांगतो म्हणालो. माझं हे नेहमीचंच, त्यामुळे ती हसून गेली.

त्या शनिवारी अग्निशमन केंद्रात वर्गणीचा नाश्ता होता. बंब बाहेर काढून आत लांब टेबलं मांडलेली, पॅनकेक आणि सॉसेजचा वास भरलेला. मी ताटली घेऊन कोपरा शोधत होतो, तेवढ्यात समोरची खुर्ची सरकली. व्हर्ना लिंडक्विस्ट. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, हातात पाकाची बाटली.

"बसा, मिस्टर थोर्सन. मी चावत नाही."

मी बसलो.

"या वर्षीही तुम्हीच लिहिणार म्हणे."

"अजून ठरलं नाही."

"तुमचं कधी ठरलंय? सुट्टीत नेण्यासाठी एक पुस्तक मागितलं तर तुम्ही सात द्यायचात." त्यांनी पाक ओतला. "मागच्या वेळी तुमचं उत्तर आलं नाही. मग मी म्हटलं, छापलंय तेच खरं असणार. नसतं तर हा माणूस गप्प बसला नसता."

मी काटा खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही नकार दिलात?"

"मी एकटीनेच नाही. दर गुरुवारी आम्ही चर्चच्या तळघरात गोधड्या शिवतो. तिथे तुमचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. फार छान वाचता येतं हो ते. आम्ही चौदा जणी. चौदाही जणींनी नकार दिला."

बेरीज-वजाबाकी मला कधी जमली नाही, पण ही जमली. चौदा बायका इकडच्या तिकडे झाल्या असत्या, तर पूल तीन मतं राखून पार झाला असता.

शेजारच्या टेबलावरून रूडी ओरडला, "व्हर्ना, त्याला पाणी पाज! पांढरा पडलाय बघ तुझा ग्रंथपाल!"

"तू तुझं सॉसेज खा, रूडी," त्या मागे न बघता म्हणाल्या. मग माझ्याकडे झुकल्या. "आता सांगा. वाटत होतं का तुम्हाला खरंच?"

मी तोंड उघडलं. भोवती दीडशे माणसं, ताटल्यांचा खडखडाट. "त्याला दोन बाजू..." एवढं निघालं.

त्यांनी हात वर केला. "इथे नको. तोंडाने तुम्हाला येत नाही, हे मला ठाऊक आहे. मी पत्र पाठवून विचारलं होतं, पत्रानेच सांगा. गुरुवारी बायका जमतील. आलं तर वाचून दाखवेन. नाही आलं, तर यंदा आम्ही तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ काढणार नाही. आमचं आम्ही बघू."

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

बाहेर पडताना मी रूडीच्या टेबलापाशी थांबलो. असं मी सहसा करत नाही.

"रूडी, विरोधातलं पान या वर्षी तू लिही."

"मला शुद्धलेखन येत नाही, राजा."

"ते मी बघेन. पण शब्द तुझे हवेत. तुला खरंच नकोय ना पूल?"

"मला पूल हवाय रे. कर नकोय."

"मग तेच लिही."

त्याने दुसऱ्याच दिवशी सहा ओळी लिहून आणल्या. तिसऱ्या ओळीत दोनच स्वल्पविराम घातले मी. बाकी कशाला हात लावला नाही. प्रामाणिक सहा ओळी होत्या. डार्लीनने वाचून भुवया उंचावल्या. "एवढंच?"

"त्याचं म्हणणं एवढंच आहे," मी म्हणालो. "माझं आता वेगळं आहे." आणि त्या पानावर माझं नाव घालू नकोस, असंही सांगितलं.

सोमवारी सकाळी मी टेबलापाशी बसलो. पहिला कागद फाडला, दुसराही. तिसऱ्यावर मी आधी उत्तर लिहिलं आणि कारणं मागून घातली. जन्मात असं केलं नव्हतं.

"व्हर्नाबाई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर नाही असं आहे. तुम्ही नकार द्यावा असं मला वाटत नव्हतं. मी स्वतः होकार दिला होता. हे तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण माझं लिखाण तुम्हाला पटलं हे मला आवडलं होतं. त्याबद्दल मी तुमची आणि इतर तेराजणींची माफी मागतो. त्या पानावरच्या शंका खोट्या नव्हत्या. व्याज खरंच पडेल. पैसे आधी बाजूला काढायला हवे होते, हेही खरं. पण एक वर्ष थांबू या असं मी लिहिलं आणि आपण दोन वर्षं थांबलो. राज्याची मदत आली नाही, खर्च वाढला आणि बस अडली. तो मुद्दा चुकीचा होता, आणि तो माझा होता. या वर्षीही मी होकार देणार आहे. तुम्हीही द्यावा असं मला वाटतं. हे बायकांना जरूर वाचून दाखवा, माझ्या नावासकट."

पुन्हा वाचलं. एक 'कदाचित' घालायचा मोह झाला. घातला नाही.

व्हर्नाबाईंचं घर माझ्या खिडकीतून दिसतं, पूल ओलांडला की सहाशे पावलं. पण आमच्या गावातलं पत्र आधी नव्वद मैलांवरच्या टपाल वर्गवारीच्या केंद्रात जातं आणि तिथून परत येतं. गुरुवारच्या आत पोहोचायचं तर आजच टाकायला हवं होतं. पोस्टात खिडकीशी गेलो. पलीकडच्या बाईने पत्ता वाचला आणि म्हणाली, "हे तर समोरच. चालत नेऊन द्या की, तिकीट वाचेल."

"नको," मी म्हणालो. "त्यांनी पत्रच मागितलंय."

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.