खुडूक कोंबडीच्या पंखाखाली

सकाळचा उजेड खुराड्याच्या फळ्यांमधून संथपणे झिरपला. आधी पेंढ्यावर, मग अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या पाठीवर आणि अखेर माझ्या ओंजळीतल्या, यंत्रात उबवलेल्या पाच पिल्लांवर स्थिरावला.

"अंधार पडल्यावर सरकव रे तिच्याखाली," ताई म्हणाली. "उजेडात तिला ती परकी वाटतील. एवढी कसली घाई? जसा काही पिल्लांचा मामाच झालास!"

"बसलीय की घट्ट," म्हणत मी पहिले पिल्लू तिच्या पंखाखाली सारले.

कोंबडी निश्चल राहिली. मग तिच्या गळ्यातून खोल घुरघुर उमटली, पिसे फुलली आणि चोच एकदाच खाली आली. पिल्लू पुन्हा हलले नाही.

उरलेली चार ताईने पदराखाली घेतली.

"काल तिच्याखालची अंडी चाचपलीस, तेव्हा ती उबदार होती ना?"

अंडी काल माझ्या हाताला गारच लागली होती. कोंबडीने उबवणे कालच सोडले होते.